डब्यातला पैसा नदीत उतरला

मित्रांनो, मी पत्र्याचा एक जुना बचतीचा डबा आहे. माझ्या अंगावरचा निळा रंग पोपडे धरून उडाला. पण ज्या पतसंस्थेने मला घडवून घेतलं, तिचं नाव अजून वाचता येतं. ते आधी पुसलं गेलं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटतं.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती ती. नगरच्या एका पत्रेवाल्याने मला ठोकून आकार दिला, डोक्यावर पैसे टाकायला फट ठेवली, आणि पोटावर रंगवलं, 'थेंबे थेंबे तळे साचे'. मग माझ्या सगळ्या भावंडांसह टेम्पोत बसून मी पाथर्डीकडच्या एका कोरड्या गावात आलो. नियम असा होता, की डबा सभासदाच्या घरी आणि चावी पतसंस्थेत.

मी विजयमालेच्या घरी गेलो. ती शेतमजुरी करायची. भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीखाली मला मानाची जागा मिळाली. मुलगी रोहिणी नर्सिंगला जावी, हा एकच ध्यास तिने घेतला होता. आधी ती शेजारच्या रंगुबाईच्या बचत गटात पैसे ठेवायची. कर्ज कुणाला आणि कशासाठी द्यायचं, हे तिथे सगळ्या बायांसमोर ठरे. कुणाला शेळी मिळे, कुणाला शिलाई मशीन. व्याज मात्र नावापुरतं. पतसंस्थेचं व्याज दांडगं म्हटल्यावर बाया एकेक करून तिकडे वळल्या. विजयमालाही वळली. लेकीच्या फीची काळजी असताना तिला नावं कोण ठेवणार?

दर बाजारच्या दिवशी ती मला पदराखाली धरून पतसंस्थेत न्यायची. मॅनेजर राधाकृष्ण चावी फिरवायचा आणि माझ्या पोटातलं सगळं तिच्या ठेवीत जमा करायचा. एका वर्षी तर तिचा सत्कार झाला. संस्थेने कर्जावर दिलेला, तिचंच नाव रंगवलेला नवाकोरा ट्रक दारात उभा होता. नियमाने बचत करणारी सभासद म्हणून विजयमालेच्या हातून त्याची फीत कापून घेतली. पेढे वाटले, फोटो निघाला, आणि फोटोत टेबलावर मीही होतो. त्या दिवशी मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

गावची नदी पावसाळ्यापुरतीच वाहायची. उन्हाळ्यात बाया तिच्या वाळूत खड्डा करून झिरा काढायच्या. वाळूतून पाझरलेलं गार पाणी वाटीवाटीने हंड्यात भरायचं. साऱ्या गावाची तहान त्यावर भागे.

बाजाराची वाट नदीतूनच जायची. त्या वर्षी फाल्गुनात विजयमाला आणि रोहिणी मला घेऊन निघाल्या, तर नदीत ट्रक उतरलेले. वाळू भरभरून नगरला चालली होती. तिकडे सावेडीला नवे बंगले उठत होते म्हणे. रोहिणी एका ट्रकसमोर थांबली.

"आये, आपल्या डब्यावर हाय तेच नाव ह्याच्यावर हाय. फीत तूच कापली हुती."

विजयमाला तडक पतसंस्थेत गेली. आमच्या पैशानं आमचीच नदी उपसायला निघाला व्हय, असं तिने सगळ्यांदेखत विचारलं. राधाकृष्ण काही वाईट माणूस नव्हता. त्याने तिला बसवलं, पाणी दिलं आणि समजावलं, की कर्ज कुणाला द्यायचं ते संचालक ठरवतात, आणि ट्रकवाल्यांचे हप्ते येतात म्हणूनच एवढं व्याज देता येतं. ठेव आज मोडली तर ते व्याज बुडेल. मुदत उन्हाळा सरल्यावर संपत होती, रोहिणीच्या प्रवेशाच्या तोंडावर. व्याजाशिवाय फीची रक्कम पुरी होत नव्हती.

विजयमाला माझ्यावर हात ठेवून बसली. काढ, आत्ताच काढ, असं मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण डब्याला कुठली वाचा?

"ऱ्हाऊ द्या," ती अखेर म्हणाली. "येक उन्हाळा तर काढायचाय."

त्या एका उन्हाळ्यात ट्रकांनी नदी खरवडून नेली. झिऱ्यांच्या जागी टणक मुरूम लागला. बायांनी हात सोलवटेस्तोवर खणलं, पण पाणी आलं नाही. शेवटी टँकर सुरू झाला.

मुदत संपताच विजयमालेने सगळे पैसे काढले. फी भरली, उरलेले रंगुबाईच्या गटात ठेवले आणि पतसंस्थेची पायरी पुन्हा चढली नाही. बाकीच्या बाया मात्र व्याजासाठी तिथेच राहिल्या. मी फळीवर रिकामा पडलो, आणि खरं सांगतो, मला त्याचं वाईट वाटलं नाही.

पुढच्या मे महिन्यात रोहिणी सुट्टीला आली. टँकरवरच्या भांडणातून अर्धा हंडा घेऊन घरी परतली आणि हसत म्हणाली, की नोकरी लागू दे, पहिल्यांदा दारात नळ घेऊ. विजयमाला हसली नाही.

"तुझ्या शिक्षनात आख्ख्या गावाचं पानी गेलंय, रोहिणी," ती म्हणाली. "आजारी मानसापुढं उभी ऱ्हाशील, तवा तेवढं ध्यानात ठेव."

रोहिणीने हंडा खाली ठेवला.

मित्रांनो, पैसा डब्यात टाकला की आपलं काम संपलं असं समजू नका. पुढे तो काय लावतो आणि काय उपटतो, हे जाऊन विचारा. उत्तर मनाला पटलं नाही, तर त्याच दिवशी तो काढून घ्या. विजयमालेने विचारलं होतं. ती फक्त एक उन्हाळा थांबली.