प्रांजलची पोटदुखी

इनामगावच्या गौतमीची लेक प्रांजल सव्वा महिन्याची झाली आणि दिवस कलला की रडायला लागली. मुठी आवळायची, पाय पोटाशी घ्यायची, लालबुंद व्हायची. दोन-अडीच तास काही केल्या थांबायची नाही. सासू अंजनाबाईंनी बेंबीभोवती हिंग लावून पाहिला. पाचव्या दिवशी त्यांनी धुरपदा म्हातारीला बोलावलं. पोट दुखणाऱ्या लेकरांना गावात तीच बिब्ब्याचे डाग द्यायची. गौतमीच्या नवऱ्याच्या पोटावरही तिनेच दिलेले पाच डाग होते.

गौतमीचा धाकटा भाऊ तान्हा असताना असाच डाग चिघळून दौंडच्या दवाखान्यात नऊ दिवस होता. म्हातारी चुलीपाशी बिब्बा तापवायला बसली तशी गौतमी लेकीला छातीशी धरून सासूपुढे उभी राहिली.

"आत्या, डाग द्यायचा न्हाई. उद्या मी हिला शिरूरला दाखवते. डॉक्टर म्हणले द्या, तर मी सोता धरीन."

लेकरू तळमळतंय आणि हिला शहाणपण सुचतंय, म्हणून अंजनाबाई चिडल्या. पण सासरे चांगदेव मधे पडले. त्यांनी म्हातारीला चहा पाजून घरी पोचवलं.

शिरूरच्या डॉक्टरीणबाईंनी प्रांजलला तपासलं. वजन चांगलं वाढत होतं, ताप नव्हता, उलट्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, ही तान्ह्या बाळांची नेहमीची पोटदुखी आहे, यात कुणाचीच चूक नाही. सहाव्या आठवड्यात याचा जोर असतो, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आपोआप जातं. पाजल्यावर उभी धरून ढेकर काढा, रडली की हातावर पालथी घेऊन फिरवा, मध-गुटी देऊ नका, डाग तर मुळीच नको. ताप आला किंवा हिरवी उलटी झाली तर मात्र लगेच आणा.

पहिल्या संध्याकाळी काहीच फरक पडला नाही. गौतमीच्या हातांना कळ लागली, तिला रडू फुटलं. तेव्हा चांगदेवांनी हात पुढे केला. रेल्वेत गँगमन म्हणून तीस वर्षं रुळांच्या कडेनं चाललेला माणूस. त्यांनी नातीचं डोकं कोपराच्या बेचक्यात ठेवलं, पोट हातावर टेकवलं, आणि त्याच संथ चालीनं नदीकडे निघाले. पारावरची माणसं हसली. ते थांबले नाहीत.

मग रोजच निघू लागले. आठवड्यात रडणं तासावर आलं. एक दिवस अंजनाबाईंनीच त्यांच्या हातातून तिला घेतलं आणि तशीच पालथी धरली. साडेतीन महिन्यांची झाल्यावर एका संध्याकाळी प्रांजल रडलीच नाही. तिघंही तिच्याकडे बघत बसले. दुसऱ्या दिवशीही नाही. आठ दिवस झाले तेव्हा गौतमीला खरं वाटलं, आणि ती पोटभर जेवली.

पुढच्या लसीच्या दिवशी अंगणवाडीत एक तान्हं असंच किंचाळत होतं. अंजनाबाईंनी ते मागून घेतलं, हातावर घातलं आणि येरझाऱ्या घालू लागल्या. थोड्या वेळानं ते निवलं. त्याच्या आईनं विचारलं, ही तऱ्हा कुणी शिकवली.

"आमच्या सुनंनं," अंजनाबाई सगळ्या बायांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "तुलाबी दाखवती ती. ये हिकडं."