भंगारात निघालेला पोडियम

मित्रांनो, मी सभागृहातला जुना सागवानी पोडियम. ज्याच्यामागे उभं राहून माणसं भाषणं ठोकतात, तो. सध्या मागच्या दाराशी फुटक्या खुर्च्यांच्या ढिगावर उताणा पडलो आहे. उद्या भंगाराची गाडी येणार, तेव्हा बोलायचं ते आजच बोलून घेतो.

माझं झाड ज्या जंगलातलं, तिथल्या रेंजरचा एकच हेका होता. "वर्षाला जेवढं वाढतं तेवढंच तोडायचं. नातवंडांनाही घरं बांधायची आहेत." अठराव्या शतकात युरोपात लाकूड संपत आलेलं पाहून वनाधिकाऱ्यांनी हाच नियम लिहून ठेवला होता. शाश्वत विकास म्हणतात त्याची मुळं तिथली. यात न कळण्यासारखं काय आहे? पण माणसाला साधी गोष्ट पचत नाही.

१९८७ साली एका जागतिक आयोगाने व्याख्या दिली: आजच्या गरजा भागवा, पण पुढच्या पिढ्यांनाही त्यांच्या भागवता येतील असं बघा. झालं! जो येई तो माझ्यावर कोपर टेकून तीच घोकंपट्टी करी. १९९२ साली मोठी वसुंधरा परिषद झाली, २०१५ मध्ये शाश्वत विकासाची सतरा उद्दिष्टं ठरली. दर वेळी माझ्या छातीवर नवं घोषवाक्य डकवलं जाई, जुनं न खरवडताच. व्याख्या सगळ्यांना तोंडपाठ, आणि निघताना दिवे-पंखे तसेच चालू. मला या लोकांची किळस येते.

आज आमच्या सभागृहात पुन्हा याच विषयावर परिषद आहे. सजावटीला आलेला सभागृहाच्या संचालकांचा मेहुणा सकाळी म्हणाला, "दाजी, सागवान आहे हो हे. तळ जरा डुगडुगतोय, पाचर ठोकली की झालं. माझ्या भाच्यांच्या भाषणांनाही पुरेल."

"पाचर फोटोत दिसते का?" संचालक खेकसले. "नवा मागवलाय. प्लास्टिकचा आहे, पण वर 'पर्यावरणस्नेही' छापून आलंय."

"आणि पुढच्या वर्षी?"

"घोषवाक्य बदललं की दुसरा मागवू. तू फुलं लाव."

आत आता भाषण सुरू झालं आहे. पुढच्या पिढ्या, पुढच्या पिढ्या... इथवर ऐकू येतंय. मी अजून धडधाकट आहे आणि मला जगायचं आहे, हे सांगायला लाज कसली? मित्रांनो, तुम्ही तरी यांच्यासारखे होऊ नका. वस्तू डुगडुगली तर आधी दुरुस्त करा. कारण त्या पुढच्या पिढ्या म्हणजे तुम्हीच. तुमच्या नावाने आत टाळ्या पडताहेत, आणि तुमच्या वाट्याचं सागवान इथे भंगारात पडलंय.