पांढऱ्या उंदराचं न्हाणं

हट्टा गावच्या त्या गल्लीत बाळ कुणाच्याही घरी जन्मो, न्हाऊ घालायला बोलावणं मंजुळाबाईलाच. त्यामुळं लेकानं पांढरा उंदीर पाळायला आणला, तेव्हा त्याचं कसं करायचं हे तिला कुणी शिकवावं, अशी सोयच नव्हती. लेक म्हणजे स्वप्निल, परभणीला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला. आठवडा तिकडं, रविवार घरी. आला की आधी पिंजरा उघडायचा, मग चहा. उंदराचं नाव मामा. मामा सुखात असला तर लेकाचा पाय घराकडं वळेल, असं मंजुळाबाईनं मनाशी धरलं होतं.

मग काय, रोज खोबरेल तेल चोळायचं, डाळीचं पीठ लावायचं, कोमट पाणी घालायचं. शेवटी निखाऱ्यावर ओवा, लसणाची सालं आणि ऊद टाकून पिंजऱ्याशेजारी धुरी ठेवायची, वरून जुनं लुगडं पांघरायचं. उंदीर आत धडपडायचा, पण पोरं काय कमी धडपडतात? धुरीनं पोरं झोपतात, म्हणून ती तसंच झाकून कामाला निघून जायची. नवरा रामकिशन हरभरा राखायला आखाड्यावर, शेतातल्या खोपटात. तो तिकडं उंदरांना सापळे लावायचा आणि म्हणायचा, "घरात एक कायदा ठिवा, एक तर तेल लावा न्हाई तर सापळा." ऐकणार कोण?

तरी मामाची पाठ कोरडी पडली. कोंडा सुटला, मानेमागचे केस झडले. मंजुळाबाईनं तेल वाढवलं. आणि एके दिवशी तिला त्याच्या पुढच्या पांढऱ्याशुभ्र पंजांवर लाल दिसलं. नाकाशीही लाल. तिनं बोटावर चोळून पाहिलं. कुंकूच!

घरात बायका दोनच. एक ती स्वतः, दुसरी सून प्रतीक्षा, माहेर साखरा गावचं, वर्षापूर्वी लग्न होऊन आलेली. मंजुळाबाईच्या डोक्यात चाक फिरू लागलं. पोरगी पहिल्यापासून परभणीत खोली करू म्हणून नवऱ्याच्या मागं लागली होती. नवऱ्याचा जीव ज्या जनावरावर, त्यालाच कुंकू लावून काहीबाही करतेय म्हणजे लेक कायमचा बांधून न्यायचा बेत! शिवाय मागं एकदा ती म्हणालीच होती, "आत्याबाई, रोज काहून न्हाऊ घालता त्याला? ते आपलं आपण चाटून साफ व्हतंय." तेव्हाच कळायला हवं होतं की कुठंतरी पाणी मुरतंय.

मंजुळाबाई डोळ्यांत तेल घालून सुनेवर नजर ठेवू लागली. देव्हाऱ्यातला कुंकवाचा करंडा स्वतःच्या पेटीत ठेवला, तरी लाल यायचं थांबेना. शेवटी एका शनिवारी ती दबक्या पावलांनी मागच्या पडवीत आली. प्रतीक्षाच्या मांडीवर मामा, हातात ओलं फडकं, फडक्यावर लाल डाग.

"सापडलीस! काय लावून राहिली त्याला?"

"लावत न्हाई, पुसून राहिले. डोळ्यांतून येऊन राहिलंय त्याच्या."

"उंदराच्या डोळ्यांतून कुंकू येतंय व्हय? मला काय येडी समजली?"

सून रडली, शपथा घेतल्या. मंजुळाबाई बधली नाही. रविवारी दोघींनीही लेकाच्या कानावर काही घातलं नाही. सोमवारी स्वप्निल परभणीला गेला आणि लगेच तिनं सुनेला साखऱ्याच्या वाटेला लावलं. पिशवी भरताना पोरीचे डोळे सुजले होते, पण सासूनं तिकडं पाहिलंच नाही.

आता घर निर्धोक. दुसऱ्या दिवशी तिनं मामाला मनसोक्त न्हाऊ घातलं, धुरी दिली, लुगडं टाकलं. आज काम नव्हतं, म्हणून तिथंच बसून राहिली. थोड्या वेळानं तिनं लुगडं उचललं. मामा कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. तिच्यादेखत त्याच्या डोळ्याच्या कडेला लाल थेंब जमला आणि त्यानं तो पंजानं पुसला. पंजा लाल झाला. घरात दुसरं कुणी नव्हतं. तिनं घाईघाईनं निखाऱ्यांवर पाणी ओतलं.

मुलाच्या आईनं न बोलावता विहिणीच्या दारात जाणं म्हणजे नाक कापून घेणं. ती गेली. वसमत, हिंगोली, सेनगाव अशा गाड्या बदलत साखऱ्याला पोचली आणि विहिणीसमोरच म्हणाली, "माझंच चुकलं. धुरीनं व्हत व्हतं ते. चल घरी."

प्रतीक्षा उंबऱ्यातच उभी राहिली.

"मला ठावं व्हतं. तरास झाला की त्याच्या डोळ्यांतलं पाणी लाल येतंय. ह्यांनी पाहिलं असतं तर तुमाला बोलले असते, म्हणून रविवारच्या आधी पुसून ठेवत व्हते."

मंजुळाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मग बोलली काहून न्हाई, पोरी?"

"उंदराचे डोळे लाल झाले तर तुमी इथवर आल्या," प्रतीक्षा म्हणाली. "माझे झाले व्हते, तवा पाहिलंत का?"

विहिणीनं आणलेला पाण्याचा तांब्या मंजुळाबाईपुढं ठेवला.

"हट्ट्याला न्हाई येणार मी," प्रतीक्षा पुढं म्हणाली. "इथूनच परभणीला जाईन. ह्यांना तुमीच सांगा."

वर्षभर मंजुळाबाई ज्याला भीत होती, ते समोर येऊन उभं राहिलं होतं, आणि ते तिनंच आणलं होतं. ती म्हणाली, "सांगते. खोली पाहा म्हणते."