अकरा जणांना लिहा

मालक गेल्यावर गावचं टपाल माझ्याकडं आलं, आनि दुसऱ्याचं पोस्टकार्ड वाचायची खोडबी तवापासूनच लागली. खोटं कशाला बोलू? उघडं कार्ड हातात आल्यावर डोळे काय मिटून घ्यायचे?

चौऱ्यान्नव साली पाथर्डीचा शिक्का असलेलं एक कार्ड आप्पासाहेबांच्या नावानं आलं. खाली सही न्हाई. ‘अंगणवाडीत बौद्धवस्तीतली जयमाला खिचडी करते. तिच्या हातचं आपल्या पोरांना खाऊ घालू नका. असंच अकरा जणांना लिहा, नाहीतर घरात वाईट घडेल.’

मला राग आला, खरंच आला. पन त्याहून जास्त उत्सुकता, की आता कोन काय करतंय!

आप्पासाहेब म्हनले, “काय येडपट लोक हायेत!” आनि दुसऱ्याच दिवशी माझ्याकडून अकरा कार्डं घेऊन गेले. गहिनीनाथ मास्तरांनी त्यांना आलेलं कार्ड टराटरा फाडलं. नातवाला मात्र घरीच ठेवलं. छबूबाईला वाचता येत न्हाई, तिला मी वाचून दाखवलं. “लिवनाऱ्याचा मुडदा बशिवला! नातीला उपाशी ठिवू व्हय मी?” म्हनली आनि पोरगी घेऊन तडक अंगणवाडीत गेली.

मी आपली शिक्के मारत ऱ्हायले, वाटत ऱ्हायले, गंमत बघत ऱ्हायले.

दहा दिवसांत बावीस पोरांची तीन उरली. शुक्रवारी सुपरवायझर बाई यायच्या हुत्या. पोरंच न्हाईत म्हनल्यावर जयमालाचं काम जानार, हे समद्या गावाला ठावं.

गुरुवारी जयमाला दारात आली. “मावशी, तुमी समद्यांचं अक्षर वळखता. कोन कोन लिवतंय?”

“सरकारी टपाल हाय बाई. आमाला वाचायची परवानगी न्हाई,” मी तोंड वर करून सांगितलं.

ती जायला वळली. “बरं, ऱ्हाऊ द्या. पूजाचा खोकला कसा हाय? आठ दिस झालं, आली न्हाई.”

तेवढ्यात माझी नात पूजा आतून उड्या मारत आली. कसला खोकला न् कसलं काय! मीच भिऊन, खोकल्याचं निमित्त सांगून तिला घरी ठेवलं हुतं. माझी मान वर हुईना.

शुक्रवारी पूजाचा हात धरला आनि ज्यांचं ज्यांचं अक्षर वळखलं हुतं, त्या दारांत जाऊन उभी ऱ्हायले. कार्डाचं नाव काढलं न्हाई. “पूजाला अंगणवाडीत न्हेते, तुमचंबी पोर देता का?” एवढंच. कुनी दार लावलं, कुनी हसलं. आप्पासाहेबांनी तोंड फिरवलं, पन सुनंनं मागच्या दारानं पोरगी धाडली.

नऊ पोरं झाली. सुपरवायझर बाईंनी मोजली, म्हनल्या, “कमी आहेत. पण चालू ठेवा.”

जयमालानं मलाबी ताटलीत खिचडी वाढली. मी तिच्यासमोरच पहिला घास घेतला.

“मावशी,” ती हळूच म्हनली, “उद्या खोकला न्हाई ना येनार?”

मी नुसती मान हलवली, न्हाई म्हनून.