जाळीतलं कुंकू

मित्रांनो, माझ्या वरच्या कडेला कानाशी धरायची एक बारीक जाळी आहे. तिच्या डाव्या टोकाला कुंकू वाळून बसलं आहे, मोहरीच्या निम्म्या दाण्याएवढं. एवढ्याशा कुंकवानेही पलीकडचा आवाज दबतो. म्हणून माझ्यावर आलेला प्रत्येक फोन स्पीकरवर घ्यावा लागतो.

मी केडगावच्या साधनाचा जुना मोबाईल. ती माझ्यावर लढाईचा खेळ खेळते. चौघांची टीम असते. तिच्या टीमचा कप्तान कासुर्डीचा सत्यजीत.

लोकांना वाटतं, हे नुसतं बोटं फिरवणं आहे. साधना रोज सकाळी आधी मनगटं सैल करायची, बोटांना पावडर लावायची आणि खेळातल्या मोकळ्या मैदानात एकाच बंदुकीचा नेम धरत बसायची. मी तापलो की मंद होतो, हे तिने निरखून ओळखलं होतं. म्हणून दोन डावांच्या मध्ये ती मला माठाशेजारच्या गार स्टीलच्या ताटलीवर ठेवायची. संध्याकाळी ती आपल्याच खेळाचं चित्रण बघायची, आणि तेही फक्त हरलेले डाव.

"मेलेलं परत परत काय बघतीस?" तिचे वडील पोपटराव विचारायचे.

"का मेले ते कळाया नको, आप्पा?"

खेळात थोडा बदल झाला की शिकलेलं निम्मं वाया जायचं आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. खेळाच्या वरच्या श्रेणीत पोहोचल्यावर तर सराव वाढलाच. माझ्या काचेवर तिच्या अंगठ्यांच्या जागा झिजून गुळगुळीत झाल्या.

गेल्या खंडेनवमीला पोपटरावांनी कोयता, नट आवळायचे पाने आणि खुरप्यांच्या रांगेत मला ठेवलं. साधनाची आई सविता हसली. खेळणी कधीपासून पुजायला लागलात, म्हणाली.

"रोज राबतंय ते हत्यारच की," पोपटराव म्हणाले, आणि त्यांनी बोट भरून मला कुंकू लावलं. ते ओलं होतं. तेच जाळीत उतरलं. माझा एवढा मान त्याआधी कधी झाला नव्हता.

उन्हाळ्यात टीम पुण्याच्या अंतिम फेरीत पोहोचली. सत्यजीतने साधनाकडे तिच्या सरावाची सगळी चित्रणं मागितली. तिने बोटांच्या सोयीने बसवलेली माझ्या पडद्यावरच्या बटणांची मांडणीही मागितली. सणसवाडीच्या पप्पूला राखीव म्हणून तयार करायचं आहे, असं त्याने सांगितलं. तिने विश्वासाने सगळं पाठवलं. ते माझ्यातूनच गेलं.

फेरीच्या आदल्या दिवशी टीमचा फोटो माझ्या पडद्यावर आला. साधनाच्या जागी पप्पू उभा होता. खाली सत्यजीतचा निरोप होता: रात्री उशीर होईल, तुला घरचे सोडणार नाहीत, पुढच्या वेळी बघू.

घरच्यांना कोणी विचारलंच नव्हतं. पोपटरावांनी तर पुण्याला जायला गाडीही सांगून ठेवली होती.

साधनाने घरी सांगितलं की फेरी पुढे ढकलली. नंतर सत्यजीतने तिला राखीव खेळाडू केलं. ती तशीच सराव करत राहिली, बोलावण्याची वाट बघत. पप्पूच्या नव्याकोऱ्या फोनवर माझी मांडणी जशीच्या तशी चालत होती. या दिवसांत साधना माझ्यावर सत्यजीतसाठी एक वाक्य लिहायची आणि पुसून टाकायची. ते वाक्य मला पाठ झालं, पण तिने ते कधी पाठवलं नाही.

मित्रांनो, माझी काच पुसली नाहीत तरी चालेल. पण ज्याच्या कसबावर तुम्ही जिंकता, त्याला त्याच्या जागेवर उभं राहू द्या.

यंदाच्या खंडेनवमीला पोपटरावांनी मला पुन्हा रांगेत ठेवलं. ते कुंकवात बोट बुडवत होते, तेवढ्यात मी वाजलो. सत्यजीत होता. साधनाने सवयीने स्पीकर लावला.

"साधना, पप्पूचं काय जमंना बघ. उद्याची निवड फेरी घरूनच खेळायची हाय. तू पप्पूच्या आयडीवरनं खेळ. कुणाला कळतंय?"

सत्यजीत पुढे बोलतच होता.

"आन् उन्हाळ्याचं मनात धरू नगंस. घरच्यांनी सोडलं न्हाई असंच सांगितलंय सगळ्यांना. तुझ्यावर काय आलं न्हाई."

पोपटरावांचं बोट माझ्यावर थांबलं. "आम्ही सोडलं न्हाई?" त्यांनी हळूच विचारलं.

साधनाने त्यांच्याकडे पाहिलं आणि तसं नाही, अशी मान हलवली. मग तिने मला रांगेतून उचललं. तिचे अंगठे झिजलेल्या जागांवर आले, पण या वेळी तिने ते वाक्य लिहिलं नाही, बोलून दाखवलं.

"सत्यजीत, मी तुझी टीम सोडली. हितनं पुढं खेळंन ते माझ्याच नावानं."