न धाडलेलं बोलावणं

आई गेल्याचा निरोप मला मष्णूनं दिला. मष्णू येळ्ळूरचा, आमच्या भिंतीला भिंत लागून त्याचं घर. रोज सकाळी दुधाची कावड घेऊन तो बेळगावात येतो आणि माझ्या बिऱ्हाडी दूध घालून पुढं जातो. मी तिथं मुलींच्या शाळेत शिकवते. आई चार-पाच दिवस तापानं आडवी होती. त्या सगळ्या सकाळी मष्णू माझ्या दारात आला, "पाऊस लई हाय, आक्का," म्हणाला आणि गेला. आजारपणाचं अवाक्षर त्यानं काढलं नाही.

येळ्ळूर बेळगावहून काही लांब नाही. नुसतं कळलं असतं तरी मी दुपारच्या आत चालत पोचले असते.

दहावं झाल्यावर मी त्याला त्याच्या गोठ्यात गाठलं.

"मष्णू, आई आजारी होती हे तुला ठाऊक होतं?"

त्यानं म्हशीची पाठ थोपटली. "व्हतं की."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगू नगं म्हटलं मला."

"कोण म्हणालं?"

"म्हस बुजतीया, आक्का. मागनं बोलू." म्हैस निवांत रवंथ करत होती.

मष्णूला अडवणारं घरात दुसरं कोण होतं? माझा भाऊ परशराम साधा माणूस, सांगितलं तेवढं करणारा. उरली त्याची बायको, मनू. आई माझ्याशी कधी आवाज चढवून बोलली नाही, पण मनूवर ती उजाडल्यापासून तोंड टाकायची, चारचौघींच्या देखत. "मने, हात हैत का सुपल्या?" हे मी तिच्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षापासून ऐकत आले होते. एवढी वर्षं ऐकून घेणाऱ्या माणसानं मनात काय साठवलं असेल, याचा हिशेब मी रात्रभर करत होते. आईला उचललं तेव्हा मनू रडलीसुद्धा नव्हती. मुलीला आईचं जितेपणीचं शेवटचं तोंड दिसू नये, यापेक्षा चोख सूड कुठला?

मी ठरवलं, बारावं झालं की परशरामसमोर तिला विचारायचं. तिनंच अडवलं असेल तर या घरी पुन्हा पाय ठेवायचा नाही. आई नसताना हे घर म्हणजे मनूच होती. तिच्याशी तुटलं की येळ्ळूर तुटलं.

दहाव्याच्या दुसऱ्याच दिवशी मनू खुरपं घेऊन भांगलणीला निघाली. आई, गावाची नागूआत्ती, दहा-बारा बायकांची टोळी चालवायची. लोकांच्या शेतातलं तण काढायला ही टोळी जायची. सगळ्या ओळीनं बसत, प्रत्येकीला एक पट्टा, त्याला पात म्हणतात. कुणी कुठल्या पातीवर बसायचं हे आई ठरवायची. आता तिच्या जागी मनू उभी होती. तिला कुणी नेमलं, हे मला कुणी सांगितलं नाही. मीही खुरपं घेतलं. मदतीला येते म्हणाले, पण मला तिच्यावर नजर ठेवायची होती.

मनूनं मला शेवटची, बांधाकडची पात दिली. सुट्टीत आले की आईही मला तिथंच बसवायची. सगळ्यांपासून लांब.

"मास्तरीणबाई," शालूबाई ओरडली, "तण उपटा, भात नगं! पोरींच्या वह्या न्हवंत ह्या, दिसंल त्येच्यावर रेघ माराया."

बायका हसल्या. मनू हसली नाही. "शाले, तोंडाचा जोर थोडा हातात घाल. तुझ्या पातीवरची गोगलगाय बांधाला पोचली."

"पोचू दे. तिला न्हवरा न्हाय, पोरं न्हाईत!" म्हणत शालूबाई अशी सुटली की थोड्या वेळात सगळ्यांच्या पुढं होती.

जयाबाई मात्र मागं पडली होती, सगळ्यांत मागं. आता मनू हिलाही झोडपणार म्हणून मी वाट पाहिली. मनू काही बोलली नाही. बसल्या बसल्या सरकत ती जयाबाईच्या पातीवर गेली, तिच्याकडं न बघता हातभर तण काढलं आणि आपल्या जागी परतली. जयाबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि तिचा हात चालू लागला.

हे मी पाहिलेलं होतं. शालूबाईला डिवचायचं आणि जयाबाईला शब्दानं दुखवायचं नाही, हे सगळं आईचं. आईचं लुगडं नेसून दुसरीच बाई समोर यावी, तसं मला झालं. आई जिवंत असतानाच ही तिची जागा राखून बसली होती की काय? आणि त्यासाठीच मला लांब ठेवलं?

दुपारी भाकरीला बसलो. मनूनं एकेकीला हाका मारल्या. मला मारली नाही. माझी भाकरी फडक्यात बांधून शेजारच्या दगडावर ठेवली आणि पाठ करून गेली. मला भूक नव्हती. थोड्या वेळानं मी फडकं सोडलं आणि खाल्लं.

"खाल्ली बघ," शालूबाई मनूला म्हणाली. हळूच म्हणाली, पण मला ऐकू आलं. "नागूआत्ती म्हणायची तसंच."

मी उठून त्यांच्यापुढं गेले. परशराम तिथं नव्हता, बाराव्याला अजून एक दिवस होता, पण मला थांबवेना.

"काय म्हणायची आई? आणि मष्णूला कुणी गप्प बसवलं?"

मनूनं पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला.

"मी बसवलं."

"का?"

"आत्तीनं सांगितलं म्हणून."

"आई असं सांगेल?"

"पयल्याच दिशी मी म्हटलं, वन्संना बोलावू. तर म्हणाल्या, अजाबात नगं. म्हणाल्या, परशा हाक मारली की येतोय, तू शिव्या घातल्या की येतीस. माझ्या लेकीला बोलावलं की ती येत न्हाय. तिचं तिला वाटलं पायजे."

"हे तू आता जुळवतेस."

"शाळंला जा म्हटलं की तुमी माळ्यावर जाऊन बसायचासा, व्हय का न्हाय? शिडीबी वर वडून घ्यायचासा. मग आत्तीनं एक दिस तुमाला ऐकू जाईल असं शेजारणीला म्हटलं, पोरीच्या जातीला शाळा कशाला. दुसऱ्या दिशी पाटी घेऊन तुमीच पळालासा."

टोळीतल्या बायका एकमेकींना सांभाळून बोलू शकतात, म्हणून मी त्यांच्या तोंडांकडं पाहत नव्हते. पण शिडी मी वर ओढून घ्यायची, हे आई आणि मी सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. ती गोष्ट मी माझ्या वर्गातल्या मुलींना उलटी सांगत आले आहे: आईचा विरोध मोडून मी शाळेत गेले.

"आणि ही बांधाकडची पात?" मी विचारलं.

"तितं तुमच्याकडं कुणी बघत न्हाय. मग तुमी नीट काढतासा."

शालूबाईनं मान खाली घातली. आयुष्यात मी माझ्या मनानं काय काय केलं, त्याची एकेक गोष्ट मला तपासून बघावीशी वाटू लागली. नोकरी. वेगळं बिऱ्हाड. लग्नाला दिलेला नकार.

"मग पुढं?" मी म्हणाले.

"फुडं काय. आइतवारी येतीया बघ, म्हणाल्या. दाराकडं तोंड करून हातरूण घालाया लावलं." "सोमवारी मी म्हटलं, आता धाडूया मष्णूला. माझं मनगाट धरलं त्यांनी. तापानं हात भाजत व्हता. म्हणाल्या, टोळी कोण चालवतंय, तू का मी?"

त्या रविवारी पाऊस होता. मी दिवसभर वाचत बसले होते.

"समद्यांचं बरोबर वळखलं त्यांनी," मनू म्हणाली. "ह्येवढं चुकलं. आनि मीबी ऐकलं. ऐकाय नगं व्हतं."

तेव्हा मी पाहिलं की ती रडत होती. आवाज नव्हता, हात भाकरी बांधत होते. आईला उचलतानाही असंच असेल. मी तिच्याकडं नीट बघितलंच नव्हतं.

बारावं झालं. परशरामला मी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन निघाले तर मनू उंबऱ्यावर उभी.

"येत्या आइतवारी या."

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"ऐकू आलं न्हवं? न्हाय आलासा तर मी शाळंच्या फाटकात येऊन बसीन, पोरींच्या देखत. आनि नावानं हाका मारीन."

या घरात माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. नाही येणार, हे शब्द ओठांशी आले. ते कुठून येतात हे आता मला ठाऊक होतं, तरी आले. मनूला ते दिसले असावेत, पण ती बाजूला झाली नाही.

"ह्येबी आईनंच शिकवून ठेवलंय?" मी विचारलं.

"न्हाय. ह्ये माझं."

खरं बोलत होती की नव्हती, मला सांगता येणार नाही.

"येते," मी म्हणाले.

मनू माझ्या तोंडाकडं बघत राहिली. तिचाही विश्वास बसला नव्हता.