पुलाजवळ छेदलेली रेषा

शीतगृहाच्या टाकीतून अमोनिया गळू लागल्याची वर्दी आली, तेव्हा नियंत्रण कक्षातल्या आरेखकाने आधी वाऱ्याची दिशा पाहिली. वारा पूर्वेकडे निघाला होता. शीतगृहाला लागून गिरणीची वस्ती, तिच्यापुढे कालवा, कालव्यावर पूल आणि पुलापलीकडे नवी वसाहत, असा तो क्रम होता. नव्या वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर त्याची थोरली बहीण एकटी राहत असे.

"काका, आकृती घ्या काढायला," कक्षाच्या प्रमुखबाई म्हणाल्या. "दोन्ही वस्त्या आत. पण पुलाच्या उत्तरेचं रुग्णालय आत येता कामा नये. तिथं पळापळ झाली, तर रोगी जिन्यातच चेंगरतील."

"आणि दक्षिणेचा तुरुंग?"

"तोही नको. तिथल्या अधिकाऱ्यांशी मी स्वतः बोलतेय."

काम समजायला सोपे होते. संगणकावरच्या नकाशावर वस्तीच्या कडेकडेने एकेक बिंदू ठेवत जायचे आणि शेवटचा बिंदू पहिल्यावर आणून टेकवायचा, की आतला भाग लाल होई. त्या लाल भागात जितके मोबाइल असतील, तितक्यांवर भोंगा वाजून इशारा उमटे. मात्र ही आकृती वेडीवाकडी होती. दोन्ही बाजूंना दोन फुगे आणि मध्ये पुलाएवढीच चिंचोळी पट्टी.

आरेखकाचा हात तंत्रनिकेतनात तयार झाला होता. तिथे शाईची रेघ शिकवण्याआधी हात कुठे टेकवायचा नाही, ते शिकवत. नवा भाग नेहमी वरच्या कडेने सुरू करायचा आणि खाली उतरत यायचे, म्हणजे ओल्या शाईवर तळवा फिरत नाही. निवृत्तीनंतर मानधनावर परत आलेल्या या माणसाच्या बोटांना, समोर शाई नाही हे अजून पटलेले नव्हते. त्याने गिरणीची वस्ती डावीकडून उतरत, खालच्या कडेने आखली, पुलाच्या दक्षिण कठड्यावरून पलीकडे गेला आणि सवयीने नव्या वसाहतीची वरची कड आधी धरली. मग उजवी बाजू, खालची बाजू, आणि उत्तर कठड्यावरून परत. आकृती लालभडक झाली. दोन्ही वस्त्या भरल्या.

"सुरेख," प्रमुखबाई म्हणाल्या. इशारा सुटला.

त्याने लगेच बहिणीला फोन लावला.

"ताई, निघालीस ना?"

"कुठं? तुझं पुन्हा लग्न ठरलं की काय?"

"इशारा आला ना मोबाइलवर?"

"माझा मोबाइल इथंच होता, शिवणाच्या डब्यावर. तासाभरात हूं की चूं नाही. अभ्रे शिवत बसलेय मी. काय झालंय बाळ्या? आवाज का असा?"

त्याने साठवलेली आकृती उघडली. गिरणीची वस्ती लाल होती. पूल अर्धा लाल होता. पलीकडे नुसता नकाशा. घरे, गल्ल्या, बागेचा हिरवा चौकोन, सगळे जसेच्या तसे, कोरे.

त्याने पूल मोठा करून पाहिला. जाताना दक्षिणेकडून निघालेली रेषा पलीकडे वर चढली होती, येतानाची खालून येऊन उत्तरेला पोहोचली होती, आणि पुलावर दोघींनी एकमेकींना छेद दिला होता. कागदावर अशा फुलीने काही बिघडत नाही. दोन्ही बाजूंना रंग भरला की झाले. या प्रणालीला मात्र छेदलेली आकृती चालत नव्हती. साठवताना तिने ती मुकाट्याने दुरुस्त केली होती, म्हणजे छेदापलीकडचा उलट्या दिशेने फिरलेला भाग काढून टाकला होता.

"बाई," तो म्हणाला. "पुलापलीकडे कोणालाच इशारा गेलेला नाही. चूक माझी आहे. पुन्हा काढतो."

"काढा," एवढेच प्रमुखबाई म्हणाल्या आणि पलीकडच्या चौकीला फोन लावू लागल्या.

त्याने स्वतःचा चालू फोन आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. "ताई, विषारी वायू येतोय. टॉवेल ओला करून नाकाला लाव आणि मागच्या फाटकाने उत्तरेला निघ. रुग्णालयाकडे. आत्ता!"

"अरे देवा! पण शेजारी ती दोन पिल्लं एकटीच आहेत. आई कामावर गेलीय."

"त्यांना घे आणि निघ!"

फोनमधून पावले ऐकू आली, मग दारावर थापा. आरेखकाने पहिले चार बिंदू ठेवले. पाचवा वर सरकला आणि रुग्णालयाचे आवार आत आले. त्याने ते पुसले.

"दार उघडत नाहीत रे! धाकटी म्हणते, आईनं सांगितलंय, कोणालाही उघडायचं नाही."

"तू शेजारची आजी आहेस म्हणून सांग!"

"सांगितलं! म्हणते, आजीलासुद्धा नाही!" आणि मग दबका खोकला. "बाळ्या, कसला तरी उग्र वास येतोय. डोळ्यांत मिरची गेल्यासारखं होतंय."

पूल पुन्हा सांधायचा, तर पुन्हा ती चिंचोळी पट्टी, पुन्हा तेच दोन कठडे, आणि बोटांचा भरवसा उरला नव्हता. त्याने पूल सोडून दिला. नव्या वसाहतीपुरती वेगळी आकृती घेतली. पुलापासून वरची कड, उजवी कड, खालची कड, परत पुलाशी. दर बिंदूला तो मोठ्याने "पुढे" म्हणत होता, जणू दुसऱ्याच कोणाच्या हाताला बजावत होता.

"झालं का?" प्रमुखबाई खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या.

"थांबा." त्याने आकृती साठवली, बंद केली, पुन्हा उघडली. काठावर बोट टेकवून सगळी कड फिरला. फोनमधून खोकला येत होता. थापा मंदावल्या होत्या.

"सोडा," तो म्हणाला.

आधी बहिणीच्या मोबाइलचा भोंगा कर्कश वाजला, मग भिंतींआडून दुसरा, तिसरा, वरच्या मजल्यावरचे, खालचे, सगळे एकदम. त्या गदारोळात बंद दारापलीकडून एक बारीक आवाज घरातल्या मोबाइलवरचा इशारा अडखळत वाचू लागला: "घर... सोडा. ओल्या कापडाने... नाक... दादा, आजी खरं बोलतेय!"

कडी सरकली. कोणीतरी रडू लागले. जिन्यात पावलांचा लोंढा उतरू लागला आणि फोन बंद पडला.

त्याने पुन्हा लावला. लागेना. पुन्हा लावला. प्रमुखबाईंनी पुढ्यात पाण्याचा पेला ठेवला, तो तसाच राहिला. पडद्यावर लाल आकृती स्थिर होती. तिच्या आत कोण चालते आहे आणि कोण पडले आहे, यातले काहीच ती सांगत नव्हती.

शेवटी अनोळखी क्रमांकावरून फोन आला.

"बाळ्या, रुग्णालयातल्या परिचारिकेच्या फोनवरून बोलतेय, माझा मोबाइल जिन्यात पडला. दोघंही आली माझ्याबरोबर. धाकटीला उलट्या होताहेत, तिला आत नेलंय. माझा हात सोडायला तयार नव्हती." एक लांब, घरघरणारा श्वास. "अरे, ऐकतोयस ना? बोल की काहीतरी. एरवी तर तोंडाचा पट्टा थांबत नाही तुझा."

त्याने नुसतीच मान डोलावली, जणू ती तिला दिसत होती. प्रमुखबाईंनी त्याच्या हातून फोन घेतला आणि म्हणाल्या, "ऐकताहेत ताई. इथंच आहेत. तुम्ही बोलत राहा."